आधी बंदराचा धक्का, मग रणगाडा: फिलिपिन्सच्या सैन्याचा खरेदीक्रम

संरक्षणशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: फिलिपिन्ससारख्या बेटांच्या देशाला आपलं भूदल आधुनिक करायचं असेल, तर कोणती सामग्री आधी घ्यावी आणि कोणती नंतर? सोबत त्याने स्वतःचा तक्ताही पाठवला आहे. पहिला क्रमांक हलक्या रणगाड्यांचा, मग तोफा, मग क्षेपणास्त्रं, मग हेलिकॉप्टरं, आणि तळाशी ‘इतर’ अशी एक ओळ: ट्रक, होड्या, पूल, सुटे भाग, कोठारं.

मी भारतीय सैन्याच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) दलात २६ वर्षं काढली. रायफलीपासून रणगाड्यापर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करून तुकडीच्या हवाली करायचं, हे आमचं काम. त्यातली तीन वर्षं अंदमानात गेली. त्यामुळे तुमचा तक्ता पाहताना माझी नजर आपसूक त्या शेवटच्या ओळीवर थांबली. माझ्या मते क्रम तिथूनच सुरू व्हायला हवा. का, ते सविस्तर सांगतो.

फिलिपिन्सची बेटं ७,६४१. लुझोन आणि मिंदानाव ही दोन बेटं मिळून देशाच्या जमिनीचा सुमारे दोन तृतीयांश भाग होतो. उरलेला भाग हजारो तुकड्यांत समुद्रावर पसरलेला. आता गंमत नव्हे, गांभीर्याची गोष्ट अशी, की अशा देशाचं भूदल अर्धशतकभर जवळपास फक्त आतल्या शत्रूशी लढत राहिलं. हुक बंडखोर, १९६९ पासून कम्युनिस्टांची ‘न्यू पीपल्स आर्मी’, दक्षिणेत मोरो संघटना, पुढे अबू सय्याफ. बाहेरच्या शत्रूचा प्रश्न १९५१ च्या परस्पर संरक्षण कराराने अमेरिकेवर सोपवलेला होता. त्यामुळे सैन्य घडलं ते जंगलात पायी गस्त घालणाऱ्या हलक्या पायदळ बटालियनींचं. त्या कामाला तेच योग्य होतं. पण १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटून अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ राखेखाली गेला, त्याच वर्षी फिलिपिन्सच्या सिनेटने अमेरिकन तळांचा नवा करार फेटाळला आणि १९९२ अखेर सुबिकचा तळ सोडून अमेरिकन गेले. १९९५ मध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या मिस्चिफ रीफ या प्रवाळखडकावर बांधकाम केल्याचं उघड झालं, आणि त्याच वर्षी मनिलाने सैन्याच्या आधुनिकीकरणाचा पहिला कायदा केला. दोन वर्षांत आशियाई आर्थिक संकट आलं आणि तो कायदा बहुतांशी कागदावरच राहिला. २०१२ मध्ये त्याच समुद्रातल्या स्कारबरो शोलचा ताबा चीनकडे गेला, त्या वर्षअखेर दुसरा कायदा आला. खरेदीचे तीन टप्पे ठरले: २०१३ ते १७, २०१८ ते २२, आणि २०२३ पासून पुढे. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी तिसऱ्या टप्प्याची सुधारित यादी मंजूर केली. दहा वर्षांत सुमारे दोन लाख कोटी पेसो. त्याच वर्षी संरक्षणमंत्री गिल्बर्तो तेओदोरो यांनी संपूर्ण द्वीपसमूहाच्या बचावाची नवी संकल्पना पुढे आणली. तिचा सारांश इतकाच, की लढाई किनाऱ्यावर येण्याआधी, दूर समुद्रावर अडवायची.

संकल्पना चांगली आहे. पण ती राबवणारा माणूस कुठल्यातरी बेटावर उभा असणार, आणि तिथे त्याला पाणी, तांदूळ, डिझेल, बॅटरी, दारूगोळा लागणार.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दक्षिण चीन समुद्रातल्या अयुंगिन शोल या उथळ खडकाचं आहे. ‘बीआरपी सिएरा माद्रे’ नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं एक जुनं जहाज फिलिपिन्सने १९९९ मध्ये तिथे मुद्दाम रुतवून ठेवलं आणि त्यावर मूठभर मरीन (नौदलाचं पायदळ) ठेवले. जहाज गंजून चाळण झालंय. तरी गेली कित्येक वर्षं चीनचं तटरक्षक दल त्या जहाजावर गोळी झाडत नाही. जुलै २०२४ मध्ये तात्पुरता समझोता होईपर्यंत ते अडवत होतं काय, तर रसदीच्या होड्या. पाण्याचे फवारे, होड्यांना धडक, आणि १७ जून २०२४ ला तर चाकू-कुऱ्हाडी घेऊन चाल. त्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. भांडण सार्वभौमत्वाचं, पण लढलं गेलं ते जेवणाच्या खोक्यांवर. ज्या देशाने हे रोज पाहिलंय, त्याच्या सैन्याच्या यादीत ‘इतर’ ही ओळ तळाला असता कामा नये.

आणि हे आजचं नाही. १९४१ च्या डिसेंबरात जपानी सैन्य लिंगायेनच्या आखातात उतरलं. अमेरिकेची जुनी योजना अशी होती, की बाताआन द्वीपकल्पात मागे सरायचं आणि तिथे ४३ हजार माणसांना सहा महिने पुरेल इतका साठा आधीच करून ठेवायचा. जनरल मॅकआर्थर यांनी ती बाजूला ठेवून किनाऱ्यावरच लढायचं ठरवलं, त्यामुळे साठे पुढे, ठिकठिकाणी विखुरले गेले. किनारा टिकला नाही, मग घाईघाईने पुन्हा बाताआन. पोचले सुमारे ८० हजार सैनिक आणि वर हजारो निर्वासित. वाटेत काबानातुआनला सरकारी कोठारात भाताचा प्रचंड साठा होता. पण एका प्रांतातला तांदूळ दुसऱ्या प्रांतात न्यायला नियमाने बंदी होती, आणि तो नियम वेळेत मोडायचा निर्णय कुणी घेतला नाही. तिथला दाणाही बाताआनला गेला नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच शिधा निम्मा झाला. ९ एप्रिल १९४२ ला बाताआन पडलं तेव्हा सैनिक मलेरियाने आणि उपासमारीने उभे राहू शकत नव्हते. बंदुका त्यांच्याकडे होत्या. मी हा प्रसंग प्रशिक्षणार्थींना अनेकदा शिकवला आहे आणि दर वेळी त्या कोठाराशी येऊन थांबतो. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ तिथे आली, आणि विहीर तर शेजारीच खणलेली होती.

आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूकडे खारं पाणी असलेल्या त्या खडकावर तट कितीही भक्कम उभा राहिला असता, तरी त्या विहिरींवाचून तो लढवता आला नसता. बेटाचा विचार करताना मला हे नेहमी आठवतं.

म्हणून माझी पहिली मागणी अशी: प्रत्येक महत्त्वाच्या बेटावर बाहेरून काहीही न येता किती दिवस काढायचे, हे आधी ठरवा. उत्तर टोकाच्या बातानेससाठी ३० दिवस असतील, पश्चिमेच्या पालावानसाठी ६०. मग त्या आकड्याला पुरेल इतका शिधा, इंधन, औषधं, दारूगोळा आणि पाणी गोडं करण्याची यंत्रं तिथेच, डोंगराच्या पोटात, दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवा. यात दिखाऊ काहीच नाही. संचलनात कोठार चालवता येत नाही. म्हणूनच ते मागे पडतं.

आता समुद्राच्या हवेबद्दल. हे पुस्तकात कमी लिहिलेलं असतं. अंदमानात माझ्या वर्कशॉपमध्ये एक दिवस एका ठाण्यावरून आठ वायरलेस सेट आले. आठही बंद. सेट नवे होते, दोन पावसाळेही झाले नव्हते. आमच्या हवालदाराने पहिल्याचा जोड उघडला. आत तांब्याच्या पिनांवर हिरवट भुकटी बसली होती, जुन्या भांड्यावर बसते तशी. रबराची चकती सुकून तडकली होती आणि तिथूनच दमट खारी हवा आत शिरली. हवालदार दात घासायच्या ब्रशने, स्पिरिट लावून, एकेक पिन साफ करत दोन दिवस बसला. सहा सेट चालू झाले. उरलेल्या दोघांचा जोड बदलायचा होता. तो मुख्य भूमीवरून मागवला. जहाज चुकलं, मग हवामान बिघडलं, मग पाकिटात दुसऱ्याच सेटचा जोड निघाला. ११ आठवडे ते ठाणं सहा सेटवर चाललं. त्या रबरी चकतीची किंमत चहाच्या दोन कपांइतकी असेल. तेव्हापासून मी प्रत्येक खरेदीत एक प्रश्न विचारायला लागलो: याची रबरी चकती कुठे ठेवणार?

फिलिपिन्समध्ये हे दुखणं आपल्यापेक्षा मोठं आहे, कारण त्यांच्या सामग्रीची माहेरघरं फार. तोफा इस्रायलच्या, ट्रक बरेचसे कोरियाचे, एम-११३ चिलखती गाड्या अमेरिकेच्या, ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पोलंडमध्ये बांधलेली, ‘साब्राह’ हलका रणगाडा इस्रायली बुरुजाचा पण खाली काही गाड्यांना ‘अस्कॉड’चा साखळीपट्टा आणि काहींना ‘पांडुर’ची चाकं, सैनिक वाहून नेणाऱ्या जहाजांचं घर इंडोनेशिया, क्षेपणास्त्रं भारताची. प्रत्येक खरेदी वेगळी तपासली तर समर्थन करता येतं. स्वस्त मिळालं, लवकर मिळालं, कर्ज मिळालं. पण एकत्र पाहिलं तर प्रत्येकाचं तेल वेगळं, पाना वेगळा, तपासणीचं यंत्र वेगळं, मेकॅनिकचा कोर्स वेगळा. मोठ्या भूखंडावरच्या सैन्याला हे कसंबसं परवडतं, कारण एक मध्यवर्ती वर्कशॉप रेल्वेने सगळ्यांना पुरतं. बेटांवर प्रत्येक वाण वाढला की प्रत्येक बेटावर आणखी एक कपाट वाढतं. माझा सल्ला: नवीन काही घेण्याआधी ट्रकचे प्रकार दोनवर आणा, वायरलेस एकाच घराण्याचे करा, आणि करारातच पाच वर्षांचे सुटे भाग मोजून घ्या. किमतीत ते दिसतील आणि यादी छोटी होईल. होऊ द्या.

आता तुमच्या पहिल्या क्रमांकाकडे, रणगाड्यांकडे. साब्राहचा सौदा १७ कोटी २० लाख डॉलरचा. वजन ३० टनांच्या आसपास, तोफ १०५ मिलिमीटरची. रणगाड्याला माझा विरोध नाही. त्यांच्यात माझं आयुष्य गेलं. पण ३० टनांची गाडी एका बेटावरून दुसऱ्यावर न्यायची म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. ती उतरवणारं जहाज हवं, जहाजाला खोली असलेला धक्का हवा किंवा वाळू इतकी घट्ट असलेला किनारा हवा, धक्क्याचा रॅम्प तितकं वजन पेलणारा हवा, आणि पुढच्या रस्त्यावरचा प्रत्येक पूल. फिलिपिन्सच्या नौदलाकडे मोठी वाहतूक जहाजं दोनच: ‘तार्लाक’ आणि ‘दावाव देल सुर’, २०१६ आणि २०१७ मध्ये आलेली, एकेकात सुमारे ५०० सैनिक मावतात. आणखी दोन २०२२ मध्ये इंडोनेशियाला सांगितली. चार झाली तरी एक दुरुस्तीला असणार, एक दुसऱ्या कामावर. युद्धाच्या दिवसांत शत्रूची पहिली नजर याच जहाजांवर असेल.

मग या रणगाड्यांचं काय करायचं? मी म्हणेन, त्यांना हलवूच नका. लिंगायेनच्या आखातापासून मनिलापर्यंत मध्य लुझोनचं मैदान पसरलंय, भातशेतीचं, सपाट. १९४१ मध्ये जपानी तिथूनच आले आणि ९ जानेवारी १९४५ ला अमेरिकन परत आले तेही त्याच आखातातून. भूगोल बदललेला नाही. हलके रणगाडे त्या एका मैदानासाठी आहेत असं मानून लुझोनमध्येच ठेवा, तिथले पूल त्यांच्या वजनासाठी तपासा आणि जिथे कमी पडतात तिथे लष्करी पूल टाकणारी पथकं उभी करा. बाकीच्या बेटांना त्यांची गरज नाही. तिथे ११-१२ टनांच्या एम-११३ सुद्धा जड वाटतात असे रस्ते आहेत.

उलट ट्रकवर बसवलेली १५५ मिलिमीटरची ‘अ‍ॅटमॉस’ तोफ मला फार योग्य वाटते. १२ घेतल्या आहेत. चाकांवर पळते, गोळे टाकते, जागा सोडते. दुसऱ्या महायुद्धात कोरेगिदोर बेटावरच्या मोठ्या तोफा काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच समुद्राकडे तोंड करून. शेजारच्या एल फ्राइले बेटाला तर काँक्रीटची युद्धनौकाच करून टाकलं होतं, १४ इंची तोफांचे दोन बुरूज बसवून. जपानी बाताआनच्या जमिनीवरून आले, आणि ६ मे १९४२ ला सगळं शरण गेलं. एका जागी बसलेली तोफ कितीही मोठी असली तरी तिचा पत्ता शत्रूच्या वहीत असतो. आज उपग्रह आणि ड्रोनच्या काळात तो पत्ता काही मिनिटांत मिळतो. म्हणून बेटावरचं प्रत्येक शस्त्र चाकावर हवं, आणि त्याला लपायला दहा ठिकाणं आधीच खोदलेली हवीत.

क्षेपणास्त्रांबद्दल आपल्याकडे उत्सुकता साहजिक आहे, कारण ब्राह्मोस. जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ३७ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला, तीन बॅटऱ्यांचा (इथे बॅटरी म्हणजे क्षेपणास्त्रं डागणारी एक तुकडी). २०२३ च्या सुरुवातीला २१ फिलिपिनो सैनिक नागपुरात येऊन शिकून गेले; तत्कालीन नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल आर. हरी कुमार यांनी त्यांना बिल्ले लावले. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या हवाई दलाच्या सी-१७ विमानाने पहिली खेप क्लार्कला पोचवली, वर्षभराने दुसरी गेली. त्या बॅटऱ्या भूदलाकडे नाहीत, मरीन कोअरकडे आहेत, हे तक्त्यात दुरुस्त करा. भूदलालाही असं काही हवं असतं, आणि मला ती इच्छा समजते. पण माझं मत, लांब पल्ल्याची जहाजभेदी क्षेपणास्त्रं एकाच हातात राहू द्यावीत.

कारण अडचण क्षेपणास्त्राच्या संख्येत नाही, डोळ्यांत आहे. ब्राह्मोसचा पल्ला २९० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याने १०० मीटर उंच टेकडीवरच्या साध्या रडारला २० मीटर उंचीचं जहाज साधारण ६० किलोमीटरवरच दिसतं. उरलेले २३० किलोमीटर तुम्ही आंधळे. ते अंतर पाहायला विमान हवं, ड्रोन हवा, उपग्रहाची माहिती हवी, किंवा शेजारच्या बेटावरचं दुसरं रडार आणि त्याच्याशी न तुटणारा संपर्क. जपानकडून घेतलेली हवाई टेहळणीची रडार आकाशासाठी आहेत. इस्रायली हर्मिस ड्रोन हवाई दलाकडे आहेत. ही सगळी माहिती एका पडद्यावर, योग्य माणसासमोर, काही सेकंदांत यायला हवी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा भूदलाने आपल्या वाट्याचं काम ओळखावं: किनाऱ्यावरच्या टेहळणी चौक्या, छोटी ड्रोन, बेटा-बेटांतला संपर्क. मच्छीमाराने मोबाईलवरून कळवलेली बातमीसुद्धा त्या पडद्यावर यायची सोय करावी. कोकण किनाऱ्यावर २००८ नंतर आपल्याला हेच शिकावं लागलं.

डोक्यावरच्या छत्राबद्दल थोडक्यात. हवाई दलाने इस्रायली ‘स्पायडर’ या विमानभेदी क्षेपणास्त्रांच्या तीन बॅटऱ्या घेतल्या, त्या विमानतळं राखतील. पुढच्या बेटावरच्या बटालियनच्या डोक्यावर काय? खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं, ड्रोन पाडायच्या छोट्या तोफा, ड्रोनचा सिग्नल तोडणारी यंत्रं. रणगाड्यांच्या आधी हे. नागोर्नो-काराबाखमध्ये २०२० साली आणि त्यानंतर युक्रेनमध्ये ड्रोनपुढे रणगाड्यांचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

मारावीचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. २३ मे २०१७ ला मिंदानावमधलं हे शहर इस्लामिक स्टेटशी निष्ठा सांगणाऱ्या गटांनी बळकावलं. लढाई पाच महिने चालली, १६० हून अधिक सैनिक आणि पोलीस गेले. त्या काळातली चिलखती गाड्यांची छायाचित्रं जरूर शोधून पाहा. गाड्यांच्या चारही बाजूंना लाकडी फळ्या बांधलेल्या आहेत. आरपीजीचा (खांद्यावरून डागायच्या रॉकेटचा) गोळा आधी फळीवर फुटावा, चिलखतावर नको, एवढी आशा. सैनिकांनी स्वतः सुतारकाम केलं होतं. मला त्या फळ्यांबद्दल आदर आहे, आणि वाईटही वाटतं. ते काम कारखान्यात, वर्षभर आधी, जाळीदार चिलखत बसवून व्हायला हवं होतं. त्याच लढाईत ३१ मे रोजी फिलिपिन्सच्याच विमानाच्या बॉम्बने त्यांचे किमान १० सैनिक गेले. जमिनीवरची तुकडी आणि वरचा वैमानिक यांच्यात एकच नकाशा, एकच भाषा नसली की हे होतं. त्यामुळे पुढे येणाऱ्या विमानांइतकंच महत्त्व मी विमानांना लक्ष्य दाखवणाऱ्या जमिनीवरच्या प्रशिक्षित माणसांना देईन. ते तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तेही खरेदीच्या यादीत लिहायला हवं.

मारावीनंतर दक्षिणेत शांतता बऱ्यापैकी स्थिरावली. मोरो संघटनेशी आधीच झालेला २०१४ चा समझोता, २०१९ पासून बांगसामोरो स्वायत्त प्रदेश. त्यामुळे कित्येक बटालियनी मोकळ्या होत आहेत. त्यांना उत्तरेकडे, किनाऱ्याकडे वळवणं हे मला सगळ्यात कठीण काम वाटतं. वीस वर्षं जंगलात गनिमांच्या मागावर असलेल्या सुभेदाराच्या दर्जाच्या माणसाला आता जहाज ओळखायचं आहे, भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचायचं आहे, ड्रोन उडवायचा आहे. त्याला वेळ द्या, त्याचा अनुभव फेकून देऊ नका. लपणं, थोडक्यात भागवणं, गावकऱ्यांचा विश्वास मिळवणं, हे त्याला येतं, आणि बेटाच्या बचावात तेच लागतं.

हेलिकॉप्टरं आणि विमानं. २०२१ च्या ४ जुलैला सुलूमधल्या पातिकुलजवळ सी-१३० कोसळलं आणि ५० हून अधिक माणसं गेली, त्यांतले बहुतेक नुकतेच प्रशिक्षण संपवून निघालेले सैनिक. विमानं मोजकी असली की प्रत्येकावर ताण येतो आणि एक गेलं की सगळी व्यवस्था लंगडते. रशियाची १६ एमआय-१७ हेलिकॉप्टरं घ्यायचं ठरलं होतं, ते २०२२ मध्ये रद्द झालं. ब्लॅक हॉक आधीची १६ आणि नंतर ३२ अशी सांगितली. एकाच प्रकारची ४८ ही मला यादीतली सर्वांत शहाणी खरेदी वाटते. तरीही हेलिकॉप्टरने बटालियन पोसता येत नाही. त्याला बोटीच लागतात: सपाट पोटाच्या, उथळ पाण्यात शिरणाऱ्या, दोन ट्रक नेणाऱ्या, स्थानिक गोदीत दुरुस्त होणाऱ्या. शेकड्यांनी. आणि नागरी फेरीबोटी. २००३ पासून तिथे बेटांना जोडणारा रो-रो फेऱ्यांचा सागरी महामार्ग आहे. भाजीचे ट्रक, बसगाड्या रोज त्यावरून जातात. सैन्याने आपले नवे ट्रक त्या फेरीबोटींच्या रॅम्पवर बसतील असेच घ्यावेत आणि फेरी कंपन्यांशी शांततेतच करार करून वर्षातून एकदा खरोखर ब्रिगेड हलवून पाहावी. पहिल्या सरावात काय काय अडेल याची यादीच आधुनिकीकरणाची खरी यादी होईल.

वादळांचा संबंध इथेच येतो. दर वर्षी वीसेक चक्रीवादळं फिलिपिन्सच्या क्षेत्रात येतात. ८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान आलं, तिथे त्याला योलांदा म्हणतात. ताक्लोबानमध्ये समुद्र शहरात शिरला, देशभरात ६ हजारांहून अधिक माणसं गेली. पहिल्या दिवसांत अन्न होतं, पाणी होतं, पण पोचवायला साधन नव्हतं. बोट, बुलडोझर, पाणी शुद्ध करणारं यंत्र, उचलून नेता येणारा पूल, उपग्रह फोन: यातली प्रत्येक वस्तू दर वर्षी लोकांचे जीव वाचवते आणि युद्ध आलं तर बेटही टिकवते. संसदेत पैसे मागताना मी हाच मुद्दा पुढे करीन. तिथेही निवृत्तिवेतनाचा बोजा मोठा आहे आणि तिजोरीतूनच भरावा लागतो. नव्या सामग्रीला मिळणारा प्रत्येक पेसो ओढाताणीतून येतो. दोन कामं करणारी वस्तू तिथे जास्त टिकते.

भारताने यात काय द्यावं, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये मार्कोस दिल्लीला आले, दोन्ही देशांनी सामरिक भागीदारी जाहीर केली, त्याच सुमारास नौदलांनी दक्षिण चीन समुद्रात एकत्र जहाजं नेली. ‘पिनाका’ रॉकेटं आणि ‘आकाश’ या विमानभेदी क्षेपणास्त्राची नावं चर्चेत असतात. पिनाकाची रॉकेटं नागपूरजवळ बनतात, म्हणजे धागा पुन्हा आपल्याच मातीशी येतो. मला वाटतं, आणखी एखादं शस्त्र विकण्याआधी आपण लुझोनच्या पश्चिमेला, झांबालेसच्या किनाऱ्यावर ब्राह्मोससाठी नीट कार्यशाळा उभी करून द्यावी. हवा कोरडी ठेवणाऱ्या खोल्या, तपासणीची यंत्रं, सुट्या भागांचं कोठार, आणि त्यांच्याच तंत्रज्ञांची दुसरी-तिसरी फळी शिकवून तयार. खाऱ्या वाऱ्यात दहा पावसाळे काढून क्षेपणास्त्र दहाव्या वर्षीही नीट उडालं, तरच तो सौदा पुरा झाला असं मी मानेन. अंदमानात आपण स्वतः जे शिकलो, ते त्यांना मोकळ्या मनाने सांगायला काय हरकत आहे?

आता तुमचा तक्ता. शस्त्रांची नावं खोडू नका, पण ती आडव्या ओळींतून काढा. ओळींत बेटं लिहा: बातानेस, लुझोनचा पश्चिम किनारा, मिंदोरो, पालावान, आणि दक्षिण चीन समुद्रातलं चिमुकलं पागासा. स्तंभांत लिहा: शिधा किती दिवसांचा, गोडं पाणी रोज किती, डिझेल किती, धक्क्याचा रॅम्प किती टन पेलतो, कुठल्या महिन्यांत समुद्र बंद, जवळचं वर्कशॉप किती तासांवर, समुद्र किती किलोमीटरपर्यंत दिसतो. सुरुवात पालावानपासून करा, कारण पागासाची रसद तिथून जाते. ती ओळ भरून झाली, की त्या बेटाला कुठलं शस्त्र पेलवेल ते शेवटच्या स्तंभात लिहा आणि मला पाठवा. मी तपासून देईन.